छोट्या खासगी कॉलेजातला खेळ : शिष्यवृत्ती, स्टॉपवॉच आणि पात्रतेचे कागद

अमेरिकेतल्या छोट्या खासगी कॉलेजांमध्ये आणि विद्यापीठांमध्ये खेळाडू म्हणून जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या पालकांची आणि प्रशिक्षकांची पत्रं आमच्याकडे आली आहेत. त्यांतल्या निवडक प्रश्नांना खेळ-प्रशिक्षण आणि प्रवेश-मार्गदर्शन या क्षेत्रांतल्या आमच्या सल्लागारांनी उत्तरं दिली आहेत.

मुलगी अकरावीत आहे, ३००० मीटर धावते, राज्य पातळीवरचं पदक आहे. एक एजन्सी म्हणते, अमेरिकेतल्या छोट्या खासगी कॉलेजात ‘शंभर टक्के स्पोर्ट्स स्कॉलरशिप’ मिळवून देऊ. आगाऊ दोन लाख मागतात. भरावेत का?
*– एक पालक, नाशिक*

कॉलेजचं नाव लेखी मिळाल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. नाव मिळालं की त्या कॉलेजच्या खेळ-विभागाच्या वेबसाइटवर जाऊन ते कोणत्या संघटनेत आणि कोणत्या डिव्हिजनमध्ये खेळतं ते बघा. एजन्सीचा दावा खरा की खोटा, हे बहुतेक वेळा तिथेच कळतं.

एनसीएए या कॉलेज-खेळांच्या मुख्य संघटनेचे १९७३ पासून तीन डिव्हिजन आहेत. छोटी खासगी कॉलेजं बहुतांशी डिव्हिजन थ्रीमध्ये असतात, आणि डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. ही त्या कॉलेजची मर्जी नाही, नियमच तसा आहे. कोणाला किती मदत द्यायची हे ठरवताना खेळातली गुणवत्ता विचारात घ्यायलाही बंदी आहे, आणि खेळाडूंना इतर विद्यार्थ्यांपेक्षा जास्त पैसे मिळत नाहीत ना, याचा हिशेब कॉलेजला एनसीएएला द्यावा लागतो. त्यामुळे डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजचं नाव सांगून कोणी ‘स्पोर्ट्स स्कॉलरशिप’ म्हणत असेल, तर तो चुकीची माहिती देतो आहे. डिव्हिजन वन, डिव्हिजन टू आणि एनएआयए या वेगळ्या संघटनेत खेळाची शिष्यवृत्ती असते. एनएआयएमध्येही छोटी खासगी कॉलेजं पुष्कळ आहेत. मात्र मैदानी खेळात तिथेही पूर्ण फी माफ होणं विरळाच. साधारणपणे थोडी थोडी रक्कम अनेक खेळाडूंत वाटली जाते.

मग डिव्हिजन थ्रीमध्ये पैसा येतो कुठून? एक, गुणांवर मिळणारी शिष्यवृत्ती, आणि दोन, घरच्या उत्पन्नानुसार मिळणारी मदत. नामांकित खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे गेला आहे, त्यामुळे ही दुसरी मदतच निर्णायक ठरते. इथे परदेशी अर्जदारांनी एक फरक नीट समजून घ्यावा. बहुतेक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देतानाच ‘याला मदत लागणार का’ हे बघतात आणि लागणार असेल तर प्रवेश अवघड होतो. एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, बोडोइन ही डिव्हिजन थ्रीमधली अशी कॉलेजं, जी हा प्रश्न प्रवेशाच्या वेळी विचारात घेत नाहीत आणि पुढे गरजेइतकी मदत देतात. अर्थात तिथला प्रवेश अत्यंत कठीण आहे.

या व्यवस्थेत पालकांच्या फायद्याची गोष्टही आहे आणि ती फारसं कोणी सांगत नाही. पैसा खेळाशी बांधलेला नसतो. मुलीचा गुडघा गेला, प्रशिक्षकाशी पटलं नाही किंवा तिसऱ्या वर्षी तिने खेळ सोडला, तरी तिची मदत त्या कारणाने कमी होत नाही. घरापासून इतक्या दूर असलेल्या मुलीसाठी ही सुरक्षितता मोलाची आहे.

आमच्याकडे तालुका-जिल्हा स्पर्धांत वेळ स्टॉपवॉचवरच घेतात. प्रमाणपत्रावर फक्त क्रमांक असतो. अमेरिकेतल्या प्रशिक्षकाला काय पाठवायचं? गोळाफेक, थाळीफेकीच्या मुलांचं काय?
*– शाळेतील क्रीडाशिक्षक, सोलापूर जिल्हा*

नुसत्या क्रमांकाचा तिकडे काही उपयोग नाही. ‘जिल्ह्यात पहिला’ म्हणजे नेमकं किती, हे तिथल्या माणसाला कळायला मार्ग नाही. त्याला आकडा लागतो आणि तो कसा मोजला तेही लागतं.

आधी स्टॉपवॉचचं बघू. १०० मीटरला वेळ घेणारा अंतिम रेषेवर उभा असतो आणि बंदूक किंवा क्लॅपर सुरुवातीच्या रेषेवर वाजतो. आवाजाला १०० मीटर यायला सेकंदाचे जवळपास तीन दशांश लागतात. आवाज ऐकून घड्याळ सुरू केलं, तर मुलगा आहे त्यापेक्षा तेवढा वेगवान दिसतो. म्हणून बंदुकीचा धूर किंवा क्लॅपरची हालचाल बघून घड्याळ सुरू करायचं. शिट्टीवर शर्यत सोडत असाल, तर सोडणाऱ्याने शिट्टीबरोबर हात झटक्यात खाली आणावा आणि वेळ घेणाऱ्यांनी त्या हाताकडे बघावं. एका धावपटूला तीन घड्याळं लावा. दोघांची वेळ सारखी आली तर ती धरायची, तिघांची वेगळी आली तर मधली. दोनच घड्याळं असली तर जास्त आलेली धरायची. हाताने घेतलेली वेळ पुढच्या दशांशावर नेतात, म्हणजे १२.३१ आली तर १२.४ लिहायची. अमेरिकेतला प्रशिक्षक त्यात ०.२४ मिळवून १२.६४ असं वाचेल. ही भर तुम्ही घालू नका. ‘१२.४, हाताने घेतलेली वेळ, मातीचा ४०० मीटर ट्रॅक, वारामापक नव्हता’ एवढं स्वच्छ लिहा. पूर्ण इलेक्ट्रॉनिक वेळेची एक जरी शर्यत मिळाली, तरी ती हाताच्या दहा वेळांपेक्षा वजनदार ठरते. त्यामुळे वर्षातून एकदा तरी मुलाला फोटोफिनिश असलेल्या राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेत उतरवाच. त्या निकालाची प्रत जपून ठेवा. जिल्ह्याच्या निकालपत्रकावर वेळ लिहून घेऊन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचा शिक्का-सही त्याच आठवड्यात घ्या, कारण पुढे हे कागद सापडत नाहीत.

३००० किंवा ५००० मीटरला दशांशाने फरक पडत नाही, तिथे प्रत्येक फेरीची वेळ लिहून ठेवा. पहिली फेरी ७८ सेकंदांत आणि शेवटच्या तीन ९० च्या पुढे, असं दिसलं तर प्रशिक्षकाला कळतं की मुलीत वेग आहे पण शर्यत वाटून धावता येत नाही, आणि ते शिकवता येण्यासारखं आहे. मैलाच्या वेळेत रूपांतर करून पाठवायची गरज नाही. खुल्या मैदानावरच्या हंगामात कॉलेजात १५००, ५००० आणि १०,००० मीटर धावतात. पावसाळ्यानंतरच्या हंगामात क्रॉसकंट्री असते, डिव्हिजन थ्रीमध्ये मुलींची राष्ट्रीय शर्यत ६ किलोमीटरची आणि मुलांची ८.

फेकीच्या खेळांत सगळ्यात मोठी गफलत वजनाची होते. आपल्याकडे १८ वर्षांखालचा मुलगा ५ किलोचा गोळा फेकतो, २० खालचा ६ किलोचा, आणि अमेरिकन कॉलेजात पहिल्या दिवसापासून ७.२६ किलोचा. थाळी दीड किलो, पावणेदोन किलो आणि दोन किलो अशी चढत जाते. मुलींचा १८ खालचा गोळा ३ किलोचा आणि कॉलेजातला ४ किलोचा. ‘१६ मीटर गोळाफेक’ एवढंच लिहिलं आणि गोळा ५ किलोचा निघाला, तर प्रशिक्षकाचा विश्वास उडतो, मग बाकीचे खरे आकडेही तो शंकेनेच बघतो. अर्ज करण्याच्या वर्षी मुलाला कॉलेजच्या वजनाने फेकायला लावा आणि दोन्ही आकडे द्या. ११० मीटर अडथळ्यांचंही तसंच आहे. १८ खालचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच, कॉलेजातला १०६.७. थंडीत बंदिस्त हॉलच्या हंगामात हातोड्याऐवजी ‘वेट थ्रो’, म्हणजे मूठ लावलेलं जड वजन फेकणं असतं, मुलांना ३५ पौंड म्हणजे १५.८८ किलो आणि मुलींना २० पौंड. आपल्याकडे हा प्रकार कोणी केलेला नसतो, त्यामुळे धिप्पाड, चपळ पायाची मुलगी गोळ्यात मध्यम असली तरी प्रशिक्षकाला ती हवीशी वाटू शकते. तिचा व्हिडिओ जरूर पाठवा.

व्हिडिओ दोन मिनिटांच्या आत असावा, गाणं न लावता. फेक मागून आणि बाजूने, धाव बाजूने आणि शेवटचे ५० मीटर समोरून. एकदा मूळ वेगाने, एकदा संथ. आणि पाठवण्याआधी टीएफआरआरएस या निकालांच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजच्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या, स्पर्धेचा निकाल उघडा. तिथे साधारणपणे पहिल्या आठांना गुण मिळतात : १०, ८, ६, ५, ४, ३, २, १. आपला मुलगा आठव्याच्या जवळ असेल तर पत्र लिहिण्यात अर्थ आहे. प्रशिक्षकही पहिला विचार हाच करतो.

मुलगा न्यू जर्सीत अकरावी संपवतोय. एका लिबरल आर्ट्स कॉलेजच्या प्रशिक्षकाने ‘आय सपोर्ट यू’ असं म्हटलंय. याला प्रवेश पक्का समजायचा का?
*– एडिसन, न्यू जर्सी*

नाही. प्रवेशाचं पत्र फक्त प्रवेश-कार्यालयाकडून येतं. प्रशिक्षकाच्या शब्दाची किंमत किती, हे काढायचा मार्ग म्हणजे ‘प्री-रीड’. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात प्रशिक्षक तुमच्या मुलाचे गुण, चाचण्यांचे निकाल असतील तर ते, आणि बारावीचे विषय प्रवेश-कार्यालयाकडे नेतो आणि अंदाज घेऊन येतो. अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, मिडलबरी वगैरे अकरा कॉलेजांच्या नेस्कॅक गटात हे १ जुलैपासून सुरू होतं. प्रशिक्षक नुसतंच गोड बोलत असेल आणि प्री-रीडचं नाव काढत नसेल, तर मुलगा त्याच्या यादीत वर नाही असं समजा.

प्री-रीड चांगला आला की मुलाने स्वतः फोन करावा, आईवडिलांनी नव्हे. आणि स्पष्ट विचारावं : तुमच्या यादीत मी कितवा? गेल्या वर्षी असा पाठिंबा दिलेल्या किती जणांना प्रवेश मिळाला, कितींना नाही? मी अर्ली डिसिजनने अर्ज करावा अशी अपेक्षा आहे का? आर्थिक मदतीचा अंदाज आधी मिळेल का? शेवटचा प्रश्न संकोचाने टाळला जातो आणि तिथेच फसगत होते. अर्ली डिसिजनचा अर्ज १ किंवा १५ नोव्हेंबरला जातो आणि तो बंधनकारक असतो, प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. मदत अपुरी पडली तर माघार घेता येते, पण तोवर डिसेंबर उजाडतो. म्हणून ऑगस्टमध्येच कॉलेजच्या संकेतस्थळावरचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता किती खर्च पडेल याचा अंदाज देणारं) भरा आणि आलेल्या आकड्याची प्रत आर्थिक मदत कार्यालयाला पाठवून ‘हा अंदाज बरोबर आहे का’ असं लेखी विचारा. घरचा धंदा असेल किंवा भारतात मालमत्ता असेल, तर हे कॅल्क्युलेटर हमखास चुकतं.

डिव्हिजन थ्रीची खेळाडू-सहीची एक छापील कागदपट्टीही असते. शाळेत टाळ्या पडतात, फोटो निघतो. ती निव्वळ आनंदासाठी आहे, तिने कोणीही कशालाच बांधलं जात नाही.

मुलीच्या वैद्यकीय फॉर्मवर ‘सिकल सेल ट्रेट’ची, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या वाहकपणाची, तपासणी मागितली आहे. आमच्या नात्यात सिकलसेल आहे. तिला खेळू देणार नाहीत का?
*– गडचिरोली*

खेळू देतील. ही तपासणी बाहेर काढण्यासाठी नाही. २००६ मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात, तेही एक छोटं खासगी विद्यापीठच, अमेरिकन फुटबॉल खेळणारा १९ वर्षांचा एक मुलगा सरावात १०० यार्डांच्या सोळा धावा काढल्यावर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याला सिकलसेलचं वाहकपण होतं आणि ते कोणाला माहीत नव्हतं. त्यानंतर एनसीएएने आधी डिव्हिजन वनमध्ये आणि पुढे टप्प्याटप्प्याने तिन्ही डिव्हिजनांत खेळाडूची ही स्थिती माहीत असण्याचा नियम केला.

आपल्याकडे ही तपासणी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात होते. आधी सोल्युबिलिटी चाचणी करतात, ती पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस. अमेरिकेसाठी दुसऱ्या चाचणीचा अहवाल इंग्रजीत घ्या, कारण पहिल्या चाचणीवरून वाहक (एएस) आणि रुग्ण (एसएस) हा फरक कळत नाही. अहवालावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं.

मुलगी वाहक निघाली, तर सरावाची पद्धत बदलते, एवढंच. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीची धावण्याची चाचणी तिने देऊ नये. दोन धावांमध्ये पुरेशी विश्रांती, उन्हात आणि उंचीवर जास्त सावधगिरी, पाणी भरपूर, तापात सराव नाही. आणि एक लक्षण तिला व तिच्या सहकाऱ्यांना नीट माहीत असायला हवं. साध्या पेटक्यात पोटरी दगडासारखी कडक होते आणि खेळाडू ओरडतो. सिकलिंगमध्ये, म्हणजे वाहकाच्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात तेव्हा, पायातला जीव जातो, माणूस खाली बसतो, स्नायू हाताला मऊच लागतात आणि तो बोलू शकतो. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, आळस करतोय. त्या क्षणी ‘उठ, अजून एक धाव’ म्हणणं जिवावर बेतू शकतं. ताबडतोब थांबवायचं, ऑक्सिजन आणि रुग्णवाहिका. महाराष्ट्रातल्या प्रशिक्षकांनीही, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाटातल्या, हे तोंडपाठ ठेवावं अशी आमची कळकळीची विनंती आहे.

रोड रेसमध्ये रोख बक्षिसं मिळाली आहेत, ‘खेलो इंडिया’चा भत्ताही मिळतो. याने हौशी खेळाडूचा दर्जा जातो का?
*– पुणे*

लपवलंत तर त्रास होईल, सांगितलंत तर बहुधा निभावेल. डिव्हिजन थ्रीमध्येही २०२३ पासून परदेशी खेळाडूला एनसीएएच्या पात्रता केंद्राकडून हौशीपणाचं प्रमाणपत्र लागतं. तिथे प्रत्येक स्पर्धा, बक्षीस, करार आणि मदत विचारतात. आजच एक वही करा : स्पर्धेचं नाव, तारीख, रक्कम, कोणी दिली, आणि त्या स्पर्धेला जाण्या-राहण्याचा तुमचा खर्च किती झाला. खर्चाची तिकिटं आणि पावत्या चिकटवून ठेवा. बक्षीस खर्चाच्या आत असलं तर प्रश्न फारसा येत नाही. खेलो इंडियाचा दरमहा १० हजारांचा भत्ता सरकारी आहे, तो आदेशाच्या प्रतीसह दाखवा. सगळ्यात धोक्याचं म्हणजे रेल्वे, पोलीस किंवा एखाद्या कंपनीकडून खेळण्यासाठी पगार घेणं. तसं पत्र हातात पडलं असेल तर सही करण्याआधी कॉलेजच्या कम्प्लायन्स (नियमपालन) अधिकाऱ्याला विचारा, ईमेलनेच.

बारावीनंतर वर्ष-दोन वर्षं स्पर्धा खेळत थांबण्याचा बेत असला, तरी आधी या अधिकाऱ्यालाच विचारा. हंगाम कापले जाऊ शकतात.

छोटी खासगी कॉलेजं बंद पडताहेत असं वाचतो. मुलाचं कॉलेज टिकेल की नाही, हे कसं ओळखायचं?
*– डॅलस*

भीती निराधार नाही. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न हे १८५६ चं कॉलेज ३१ मे २०२४ ला बंद झालं, तेव्हा त्याची बेसबॉल टीम ओहायोत डिव्हिजन थ्रीच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात खेळत होती. मुलं खेळत राहिली आणि त्यांचं कॉलेज मागे उरलंच नाही. मैदानावरचा निकाल आणि तिजोरीची तब्येत यांचा एकमेकांशी संबंध नसतो, हे त्यातून पालकांनी घ्यावं.

तीन कागद बघा. पहिला फॉर्म ९९०. ना-नफा कॉलेजचा हा वार्षिक कर-तपशील सार्वजनिक असतो. सलग तीन वर्षं खर्च उत्पन्नापेक्षा जास्त असेल तर सावध व्हा. दुसरा, अमेरिकी शिक्षण खात्याचा आर्थिक गुणांक. तो उणे १ ते ३ असा असतो आणि दीडच्या खाली गेलेलं कॉलेज नजरेखाली असतं. हा आकडा थोडा जुना असतो, हे लक्षात ठेवा. तिसरा ‘ईएडीए’, शिक्षण खात्याच्याच संकेतस्थळावरची खेळांची माहिती : प्रत्येक टीममध्ये किती खेळाडू, किती प्रशिक्षक, किती खर्च. छोट्या कॉलेजांत विद्यार्थी मिळवण्याचं मोठं साधन म्हणजे खेळ. शंभर जणांची अमेरिकन फुटबॉलची टीम म्हणजे फी भरणारे शंभर विद्यार्थी. त्यात वाईट काही नाही. पण एकूण विद्यार्थीसंख्या घसरत असताना दोन वर्षांत पाच-सहा नवे खेळ सुरू झाले असतील, प्रशिक्षक अर्धवेळ असतील आणि एका टीममध्ये खेळायला मिळेल त्याच्या दुप्पट मुलं भरली असतील, तर मुलाला खेळायला नव्हे, फी भरायला बोलावलं आहे.

खासगी विद्यापीठ आहे, मग मुली-मुलांना समान संधीचा कायदा त्याला लागू होतो का?
*– फ्रीमाँट, कॅलिफोर्निया*

बहुतेक सगळ्यांना होतो. टायटल नाइन हा १९७२ चा कायदा सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना आहे, आणि विद्यार्थ्याला सरकारी मदत मिळाली तरी तो पैसा कॉलेजने घेतला असंच धरतात. पेनसिल्व्हेनियाच्या ग्रोव्ह सिटी कॉलेजने यावरच खटला लढवला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा फक्त त्या मदतीच्या विभागापुरता मर्यादित केला आणि खेळ-विभाग त्यातून सुटले. १९८८ मध्ये अमेरिकी संसदेने राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार ओलांडून तो पुन्हा संपूर्ण संस्थेला लागू केला. प्रत्यक्ष स्थिती बघायची तर ईएडीएमधलं मुलींचं विद्यार्थीसंख्येतलं प्रमाण आणि खेळाडूंमधलं प्रमाण शेजारी ठेवा.

मुलगा इंजिनिअरिंग आणि बास्केटबॉल दोन्ही करेल म्हणतो. झेपेल?
*– ठाणे*

कॉलेजपेक्षा कॉन्फरन्स बघा. नेस्कॅकमध्ये प्रवास बसने होतो. एमोरी, शिकागो, कार्नेगी मेलन, एनवाययू, ब्रँडाइस यांच्या यूएए गटात अटलांटा ते बॉस्टन असे विमानप्रवास आहेत, म्हणजे काही आठवड्यांत शुक्रवार हातचा जातो. हंगामात आठवड्यातून एक दिवस सुट्टी नियमानेच असते. खरी टक्कर होते ती दुपारच्या प्रयोगशाळेची आणि चार वाजताच्या सरावाची. तुमच्या मुलाच्या शाखेतले सध्या किती जण टीममध्ये आहेत, आणि प्रयोगशाळेच्या दिवशी ते काय करतात, हे प्रशिक्षकाला नव्हे, त्या मुलांना विचारा. टीमच्या यादीत बऱ्याचदा प्रत्येकाचा विषय लिहिलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षाला इंजिनिअरिंगचा एकही खेळाडू दिसत नसेल, तर उत्तर मिळालं.

स्क्वॉशसाठीही हेच नियम का?
*– मुंबई*

स्क्वॉश एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धांत नाही, त्याची संघटना वेगळी आहे. त्यामुळे छोटं कॉलेज हार्वर्ड-येलशी थेट भिडतं. हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजने १९९८ ते २०१२ मध्ये सलग २५२ सामने जिंकले, भारतातल्या खेळाडूंनाही सोबत घेऊन आणि खेळाची शिष्यवृत्ती न देता. सामन्यात नऊ जण खेळतात, म्हणून पत्रात राष्ट्रीय क्रमवारीबरोबर पूर्ण सामन्याचा विनासंपादित व्हिडिओ पाठवा.

खेळताना दुखापत झाली तर खर्च कोण करतं?
*– कोल्हापूर*

आधी विद्यार्थ्याचा स्वतःचा विमा, उरलेलं कॉलेजचा. भारतातून घेतलेल्या अनेक स्वस्त पॉलिसींत आंतरमहाविद्यालयीन खेळ वगळलेले असतात, ती ओळ शोधून वाचा आणि शंका असेल तर कॉलेजचीच पॉलिसी घ्या. दुखापत झाली की सर्वांत आधी टीमच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरकडे जायचं आणि त्याच दिवशी नोंद करून घ्यायची. आपण होऊन बाहेरच्या दवाखान्यात गेलं आणि नोंद नसली, तर ‘ही खेळातली दुखापत नाही’ म्हणून कॉलेजचा विमा हात वर करू शकतो. पुढे विमा कंपनीकडून आलेलं खर्चाच्या तपशिलाचं पत्र बिल नाही म्हणून फेकून देऊ नका. कॉलेजच्या विम्याला तेच पत्र मूळ बिलासोबत लागतं.